जर्मनीत अतिउजव्यांची मतं वाढली, आता आपण काय करायचं? अमळनेरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२३ फेब्रुवारी २०२५ची रात्र. साडेदहा वाजले होते आणि मी अमळनेरच्या घरात फोन हातात धरून बसले होते. जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे सहा, म्हणजे मतदान संपायची वेळ. केम्निट्स शहरातल्या एका शाळेत माझी मुलगी मतमोजणीच्या टेबलावर बसली होती. २०१६ला ती तिकडे शिकायला गेली, मग नोकरी लागली, २०२४मध्ये तिने तिथलं नागरिकत्व घेतलं. हे तिचं पहिलं मतदान, आणि पहिल्याच वेळी मोजणीच्या कामालाही तिने स्वतःहून नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीतली एक आई दारात उभी. तिचा आंडोर, म्हणजे मुलगा, म्युनिकला शिकतो. "बाई, आते काय करानं?" एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून पारोळा, चोपडा, शिरपूर, नंदुरबार अशा कुठून कुठून पालक येतात, फोन करतात. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणून माझ्याकडे उत्तर असेल असं त्यांना वाटतं. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मुलीशी बोलून, वाचून, पडताळून जी उत्तरं मी देते ती इथे एकत्र लिहिली आहेत.

नेमकं झालं काय?

जर्मनीच्या संसदेच्या निवडणुकीत आल्टरनाटिव्ह फ्युअर डॉइचलँड, म्हणजे एएफडी या पक्षाला २०.८ टक्के मतं मिळाली. ६३० जागांपैकी १५२. २०२१मध्ये याच पक्षाला साधारण १० टक्के होती. चार वर्षांत मतं दुप्पट झाली आणि पक्ष देशात दुसऱ्या क्रमांकावर आला. माझी मुलगी राहते त्या सॅक्सनी राज्यात तर ३७.३ टक्के, म्हणजे पहिला क्रमांक.

मतदान ८२.५ टक्के झालं. १९९०च्या एकीकरणानंतरचं हे सर्वांत जास्त. आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की लोक मतदानाला उतरले की असले पक्ष आपोआप मागे पडतात. इथे तसं झालं नाही. पूर्वी घरी बसणाऱ्यांपैकी पुष्कळ जण या वेळी बाहेर पडले ते याच पक्षाला मत द्यायला.

"अतिउजवा" हा शब्द आपण उगाच वापरत नाही ना?

शब्द जपूनच वापरावा. कर कमी करा म्हणणारा, देवधर्म मानणारा, सीमेवर कडक तपासणी मागणारा माणूस अतिउजवा होत नाही. उजवा असणं हा लोकशाहीत रीतसर हक्क आहे. रेघ ओलांडली जाते ती वेगळ्या ठिकाणी: देशाचा नागरिक कोण हे कायद्यावरून न ठरवता रक्तावरून ठरवायला लागलं की. जर्मनीत संविधानाच्या रक्षणासाठी सरकारी गुप्तचर खातं आहे. त्या खात्याच्या राज्य शाखांनी थुरिंजियातल्या एएफडीला २०२१मध्ये आणि सॅक्सनी-आनहाल्ट व सॅक्सनीतल्या शाखांना २०२३मध्ये "निश्चित अतिउजव्या" ठरवलं. म्हणजे हा शब्द मी विरोधकांच्या भाषणातून उचललेला नाही.

वीस टक्के म्हणजे सत्ता नाही. मग एवढी काळजी कशाला?

वर्गात मी चार आकडे फळ्यावर लिहायचे. मे १९२८ : २.६. सप्टेंबर १९३० : १८.३. जुलै १९३२ : ३७.३. नोव्हेंबर १९३२ : ३३.१. ही नाझी पक्षाची मतांची टक्केवारी. शेवटचा आकडा आधीच्यापेक्षा कमी आहे, बघा. मतं उतरत असतानाच, ३० जानेवारी १९३३ला, हिटलरला चॅन्सेलर नेमलं गेलं. त्याला बहुमत कधीच मिळालेलं नव्हतं. त्याला आपण हाताळू असं मानणाऱ्या दुसऱ्या उजव्या पुढाऱ्यांनी दार उघडलं. म्हणून नुसत्या टक्केवारीकडे बघून धीर धरू नये आणि धीर सोडूही नये. बाकीचे पक्ष काय करतात हे बघावं. जर्मनीत बाकीच्या पक्षांनी या पक्षाशी युती करायची नाही असं ठरवलं आहे, त्याला ते "आगीची भिंत" म्हणतात. २९ जानेवारी २०२५ला ती भिंत हलली: स्थलांतरावरचा एक ठराव या पक्षाच्या मतांच्या जोरावर संसदेत मंजूर झाला. दोनच दिवसांनी त्याच विषयावरचं विधेयक मात्र पडलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक तृतीयांशाचं गणित. थुरिंजिया राज्यात १ सप्टेंबर २०२४ला या पक्षाला ३२.८ टक्के मतं आणि ८८पैकी ३२ जागा मिळाल्या. सरकार दुसऱ्यांनी बनवलं, पण जिथे दोन तृतीयांश बहुमत लागतं तिथे, उदाहरणार्थ राज्याच्या घटनात्मक न्यायालयाचे न्यायाधीश निवडताना, हा पक्ष अडवणूक करू शकतो. त्याच दिवशी सॅक्सनीतही मतदान होतं. तिथे आधी ४१ जागा जाहीर झाल्या, मग जागावाटपाच्या संगणकीय हिशोबातली चूक सापडली आणि दुसऱ्या दिवशी त्या ४० झाल्या. १२०च्या सभागृहात ४१ असत्या तर अडवता आलं असतं, ४०वर येत नाही. एका जागेचा फरक!

माणसं असं मत देतातच का?

अमळनेरकरांना हे समजावणं सोपं जातं. प्रताप मिलचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारा. भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं. मिल बंद पडली तेव्हा पगार गेला, त्याबरोबर "मी मिलमध्ये आहे" हे सांगण्यातला ताठपणाही गेला. केम्निट्स हेही गिरण्यांचं आणि यंत्रांचं शहर. १९५३ ते १९९० त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं, आणि मार्क्सचं दोन मजली उंचीचं डोकं आजही मध्यवर्ती रस्त्यावर आहे. एकीकरणाच्या सुमारास पूर्व जर्मनीतले सरकारी कारखाने विकण्यासाठी त्रॉयहांड नावाची संस्था नेमली गेली. कारखाने विकले गेले, पुष्कळसे बंद झाले, लाखो नोकऱ्या गेल्या. तरुण, त्यातही मुली, पश्चिमेकडे निघून गेल्या. मागे राहिलेल्यांना आपल्याला कोणी विचारत नाही असं वाटत राहिलं.

पण एवढ्यावर मी थांबत नाही, कारण मग ती सबब होते. मिल आपलीही बंद पडली. त्या कामगारांतल्या किती जणांनी भाजीची गाडी लावली, पोरांना शिकवलं, आणि शेजाऱ्याचा द्वेष केला नाही. शिवाय या पक्षाचे सगळे मतदार गरीब नाहीत; बंगला-गाडीवालेही आहेत. राग खरा असतो. त्याला कोणाच्या दाराकडे वळवायचं हे मात्र कोणीतरी ठरवतं, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा.

बाई, तो पक्ष तर "त्या" लोकांच्या विरुद्ध आहे ना? आपली पोरं शिकलेली, कर भरणारी. आपल्याला काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारे आवाज खाली आणून विचारतात. मला तो ऐकताना त्रास होतो, तरीही मी दर वेळी शांतपणे उत्तर देते.

म्युगेल्न हे सॅक्सनीतलं छोटंसं गाव, आपल्या एरंडोलपेक्षाही लहान. ऑगस्ट २००७मध्ये तिथे गावजत्रा होती. मध्यरात्रीनंतर तंबूत भांडण लागलं आणि सुमारे पन्नास जणांच्या जमावाने आठ माणसांचा रस्त्यातून पाठलाग केला. ते आठही जण भारतीय होते. जवळच्या एका पिझ्झाच्या दुकानात घुसून त्यांनी दार लावून घेतलं तेव्हा ते वाचले, आणि ते दुकानही एका भारतीयाचंच होतं. त्या जमावाने कोणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, डिग्री विचारली नाही, प्राप्तिकराची पावती मागितली नाही. १९ फेब्रुवारी २०२०ला हानाउ शहरात एका बंदूकधाऱ्याने वंशद्वेषातून नऊ जणांना मारलं. त्यांतले बहुतेक त्या देशातच वाढलेले होते.

जानेवारी २०२४मध्ये तिथल्या शोधपत्रकारांनी एक बैठक उघडकीला आणली. पॉट्सडामजवळच्या हॉटेलात नोव्हेंबर २०२३मध्ये ती झाली होती आणि या पक्षाचे काही लोक तिला हजर होते. विषय होता लोकांना मोठ्या संख्येने देशाबाहेर काढण्याचा, आणि त्या यादीत नागरिकत्व मिळालेले पण "नीट मिसळले नाहीत" असे लोकही होते. नीट मिसळलं की नाही हे कोण ठरवणार? माझी मुलगी जर्मनमधून चिडते, जर्मनमधून स्वप्नं बघते असं स्वतःच सांगते. ट्राममध्ये शेजारी बसणाऱ्याला तिचा फक्त रंग दिसतो.

आणि समजा आपल्याला खरंच काही होणार नाही. म्हणून शेजारच्या सीरियन बाईला झालेलं चालेल का? असं कोणी उघड म्हणत नाही, पण आपल्या प्रश्नात ते दडलेलं असतं.

निकालानंतर लगेच काय करावं?

माझ्या मुलीने काय केलं ते सांगते, कारण मला तेच शहाणपणाचं वाटलं.

मोजणीच्या रात्री मतपत्रिका टेबलावर ओतल्या गेल्या. जर्मनीत मतदान कागदावर होतं. मतदान यंत्रांचा त्यांनी केलेला वापर तिथल्या संविधान न्यायालयाने २००९मध्ये घटनाबाह्य ठरवला, कारण सामान्य माणसाला मोजणी स्वतः तपासता आली पाहिजे. प्रत्येक पत्रिकेवर दोन फुल्या: एक उमेदवाराला, एक पक्षाला. घड्या उलगडायच्या, ढीग लावायचे. एक ढीग वाढतच चालला. शेजारी बसलेली म्हातारी बाई, पोस्टातून निवृत्त झालेली, तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो ढीग स्वतःकडे ओढायला लागली. मुलगी म्हणाली, "नको, हा मीच मोजते." तिने दोनदा मोजला. दोन्ही वेळा आकडा जुळला. मग तिने सही केली. ज्या पक्षाला ती नकोशी आहे त्या पक्षाचं एकेक मत तिने प्रामाणिकपणे मोजलं. एवढी वर्षं इतिहास शिकवून मला जे पोरांना धड सांगता आलं नव्हतं, ते तिने त्या टेबलावर करून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात तिने तीन कामं केली. तिच्या राज्यातून निवडून आलेल्या, दुसऱ्या पक्षाच्या एका खासदाराला पत्र लिहिलं: तुम्ही या पक्षाच्या पाठिंब्यावर कुठलाही ठराव मांडणार का, हो की नाही सांगा. एका स्थानिक वर्तमानपत्राची वर्गणी भरली, कारण गावची बातमी देणारं पत्र मेलं की अफवेला मोकळं रान मिळतं. आणि तिच्या इमारतीत राहणाऱ्या इराकी कुटुंबाचं दार वाजवून ती नुसती बसून आली. खान्देशातून नेलेल्या बिबड्या तळून घेऊन गेली होती.

निकालाच्या रात्री समाजमाध्यमांवर भांडत बसू नये. सकाळी थकवा उरतो, दुसरं काही नाही.

मोर्चे काढून काय होतं?

एकट्या मोर्चाने निकाल बदलत नाही. जानेवारी २०२४मध्ये त्या बैठकीची बातमी आल्यावर लाखो लोक रस्त्यावर आले, तरी वर्षभराने मतं दुप्पट झालीच. मग उपयोग काय? २०१८चा ऑगस्ट मला आठवतो. केम्निट्समध्ये एका तरुणाचा भोसकून खून झाला आणि त्यावरून अतिउजव्यांच्या टोळ्या परदेशी दिसणाऱ्यांच्या मागे लागल्या. मुलगी तीन दिवस खोलीबाहेर पडली नाही, मी इकडे जेवले नाही. ३ सप्टेंबरला त्याच शहरात "आम्ही जास्त आहोत" म्हणत फुकट संगीत मैफल झाली आणि ६५ हजार लोक आले. त्या रात्री ती घराबाहेर पडली. मोर्चाचा उपयोग हा आहे: घाबरलेल्या माणसाला कळतं की गावात आपली माणसं आहेत.

खरा निकाल बदलला तो नॉर्डहाउझेनला. थुरिंजियातलं हे गाव, शेजारीच नाझींच्या छळछावणीचं स्मारक. सप्टेंबर २०२३मध्ये महापौरपदाच्या पहिल्या फेरीत एएफडीच्या उमेदवाराला ४२.१ टक्के आणि विद्यमान अपक्ष महापौराला २३.७. सगळ्यांनी निकाल गृहीत धरला होता. मधल्या दोन आठवड्यांत गावकरी कामाला लागले, स्मारकाच्या संचालकांनी उघड भूमिका घेतली, दारोदार बोलणी झाली. दुसऱ्या फेरीत महापौर ५४.९ टक्क्यांनी जिंकले. ते काही सर्वांचे लाडके नव्हते. न आवडणाऱ्या माणसालाही मत द्यायची तयारी लोकांनी दाखवली.

फ्रान्समध्ये जुलै २०२४ला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. पहिल्या फेरीत अतिउजवे साधारण ३३ टक्क्यांसह पुढे. मग दोनशेहून अधिक उमेदवारांनी दुसऱ्या फेरीतून माघार घेतली, म्हणजे विरोधी मतं फुटणार नाहीत. ५७७च्या सभागृहात अतिउजवे आणि त्यांचे साथीदार १४३वर थांबले. माघार घेणं किती अवघड असतं हे ग्रामपंचायतीचा अर्ज भरलेल्या कोणालाही विचारा.

माझा मुलगा नुसता विद्यार्थी आहे, त्याला मताचा अधिकार नाही. तो काय करणार?

पुष्कळ काही. आणि आपली पोरं तिथे थोडी नाहीत. २०२३-२४मध्ये जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा होता, सुमारे ४९ हजार.

मतदान केंद्रात जाऊन मोजणी बघायला कोणालाही परवानगी आहे, नागरिक नसला तरी. शांततेच्या सभेला, मोर्चाला त्याला जाता येतं. धक्काबुक्की सुरू झाली की मात्र तिथून निघायचं, कारण पोलीस केस झाली तर व्हिसाला त्रास होतो. पक्षाचं सदस्य होता येतं. कायद्याची अट एवढीच की पक्षात परदेशी सदस्यांचं बहुमत नको. अनेक शहरांत परदेशी रहिवाशांचं सल्लागार मंडळ असतं, ते नगरपालिकेला सूचना देतं आणि कित्येक ठिकाणी त्याच्या निवडणुकीत परदेशी रहिवासीच मत देतात. फार थोडी आपली पोरं तिथे फिरकतात, हे मला खुपतं.

नोकरी लागली की सगळ्यात महत्त्वाचं कामगार मंडळ, त्याला तिथे बेट्रिब्सराट म्हणतात. पाच किंवा अधिक कायम कामगार असलेल्या कंपनीत ते निवडता येतं, निवडणूक दर चार वर्षांनी, मार्च ते मेच्या दरम्यान. पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. सोळा पूर्ण असली की मत देता येतं, आणि अठरा पूर्ण होऊन सहा महिने कंपनीत झाले की उभंही राहता येतं. पाळ्या, सुट्ट्या, कोणाला कामावरून काढायचं, यात मंडळाला विचारावं लागतं. तिथे आपलं माणूस बसलेलं असलं की "परदेशी लोक आपल्या नोकऱ्या खातात" हे वाक्य जेवणाच्या टेबलावर इतक्या सहज बोललं जात नाही. जो माणूस आपल्या सुट्टीसाठी साहेबाशी भांडला, त्याच्याबद्दल असं बोलवत नाही.

बरोबर काम करणारा माणूसच त्या पक्षाचा मतदार निघाला. बोलणं सोडावं का?

मुलीच्या कारखान्यात एक फिटर आहे, निवृत्तीला आलेला. यंत्राचा आवाज ऐकून बेअरिंग ओळखायला त्यानेच तिला शिकवलं. हिवाळ्यात तिच्या गाडीची बॅटरी बसली की केबल घेऊन तोच येतो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सांगितलं, मी त्यांना मत दिलं. तिला रडू आलं, पण ती तिथून उठली नाही. विचारलं, "मला परत पाठवावं म्हणून दिलंस?" तो म्हणाला, "तू नाहीस गं त्यात." ती म्हणाली, "मी त्यात नाही हे तुला माहीत. रात्री स्टॉपवर उभी असते तेव्हा दुसऱ्याला कसं कळणार?" तो गप्प बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, आमच्या खेड्यात डॉक्टर नाही, संध्याकाळी सहानंतर बस नाही.

बस नाही हे तर खरंच होतं. तिने त्याच्याबरोबर बसून जिल्हा कचेरीला बससाठी अर्ज लिहिला. त्याचं लेखन कच्चं आहे, तिचं जर्मन पक्कं. अर्जावर खेड्यातल्या चाळीसेक जणांच्या सह्या झाल्या. पहिली सही त्या फिटरची, आणि खाली "मसुदा" म्हणून आपल्या मुलीचं मराठी आडनाव. मत बदललं असं तो म्हणालेला नाही. पण मागच्या नाताळाला त्याच्या बायकोने केक पाठवला, आणि कँटीनमध्ये कोणी काही बोललं तर तो आता "गप रे" म्हणतो.

मात्र हे सगळ्यांशी करावं असं मी सांगणार नाही. जो तोंडावर शिव्या देतो, धमकी देतो, त्याला समजावत बसणं ही आपल्या पोरांची जबाबदारी नाही. तिथे तक्रार करायची.

अशा पक्षावर सरळ बंदी का घालत नाहीत?

घालता येते, पण मुद्दामच अवघड ठेवली आहे. संविधानाच्या कलम २१ प्रमाणे बंदी फक्त संविधान न्यायालय घालू शकतं, आणि अर्ज फक्त संसदेची दोन सभागृहं किंवा केंद्र सरकार करू शकतं. आजवर दोनदाच झाली: १९५२ला नाझींचा वारसा सांगणाऱ्या एका पक्षावर आणि १९५६ला कम्युनिस्टांवर. २०१७मध्ये एनपीडी या पक्षाबाबत न्यायालय म्हणालं की उद्देश घटनाविरोधी आहे, पण पक्ष इतका दुबळा आहे की बंदीची गरज नाही. २०२४मध्ये त्याची सरकारी मदत तेवढी बंद केली. माझं मत विचाराल तर बंदीचा विचार व्हावा, पण नागरिकांनी तिची वाट बघत बसू नये. बंदीने पक्ष संपतो, मतदार तिथेच राहतो.

तिथलं नागरिकत्व घ्यावं का? शेतीचं काय होतं?

जून २०२४पासून आठऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही, त्यामुळे आपला पासपोर्ट परत करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर इथे मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते. पासपोर्ट परत केला त्या दिवशी मुलगी फोनवर फार वेळ बोलली नाही. जिथे राहतो तिथे मत नसणं तिला जास्त जड जात होतं, म्हणून तिने घेतलं.

परदेशाचं काय घेऊन बसलात? आधी आपलं बघा.

फैजपूर माहीत आहे ना? यावल तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी राबून उभं केलेलं, नंदलाल बोसांनी बांबूंनी सजवलेलं, अमळनेरचे साने गुरुजी स्वयंसेवकांत राबत होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्या भाषणात शेतकऱ्याच्या कर्जाबरोबर युरोपातल्या फॅसिझमचा आणि तेव्हा पेटलेल्या स्पेनच्या यादवीचा विषय होता. बैलगाड्या जुंपून आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी तो ऐकला. त्यांच्यापैकी कोणाचं पोरगं स्पेनमध्ये नव्हतं. आपली तर तिथे आहेत.

साने गुरुजींनी पुढे आंतरभारतीचं स्वप्न मांडलं: एकमेकांची भाषा शिका, एकमेकांच्या घरी जेवा. मला ते वेशीपाशी थांबणारं कधी वाटलं नाही.

बरं, मग इथे खान्देशात आपण काय करायचं?

मी पक्षांची नावं घेत नाही, कारण नाव घेतलं की पुढचं कोणी ऐकत नाही. शेजाऱ्याविरुद्ध उठवून जो मत मागतो, तो कुठल्याही झेंड्याचा असो, त्याच्याबद्दल बोलते आहे. धुळ्यात जानेवारी २०१३मध्ये क्षुल्लक भांडणातून दंगल पेटली आणि सहा जीव गेले. त्या घरांना आजही जाऊन बघा.

मतदार यादी निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात नाही, आत्ता बघा. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८. आणि नमुना ७ माहीत करून घ्या: त्यावर दुसऱ्याचं नाव वगळायला हरकत घेता येते. आपल्या वाड्यातल्या कोणावर खोटी हरकत आली तर बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या सरकारी माणसाकडे, त्याच्याबरोबर जा. एकट्या माणसाला तिथे उभंच करत नाहीत, चार जण गेले की खुर्ची देतात.

ग्रामसभेला बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, रिवाजाने ठरलेले दिवस आहेत. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. गावात एखाद्या समाजाच्या दुकानातून घेऊ नका असला ठराव येतो तेव्हा सभेला बहुतेक वेळा तीस-पस्तीसच माणसं असतात. तिथे "हे घटनेत बसत नाही, माझा विरोध लिहून घ्या" असं म्हणणारं एक माणूस पुरतं. बायकांनी तर हमखास जावं. आपण गेलो की भाषा बदलते, हे मी पाहिलंय.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिला नेहमीचेच चेहरे असतात. शिक्षक, दवाखानेवाले, मिरवणुकीत ढोल वाजवणारी पोरं यांना तिथे न्यायला पाहिजे. भडकाऊ भाषण झालं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा. चित्रफीत, तारीख, जागा जपून ठेवा आणि लेखी अर्जाची पोच घ्या.

व्हॉट्सॲपवर आलंय की सगळ्या भारतीयांना परत पाठवणार. खरं का?

नाही. तसा कुठलाही कायदा झालेला नाही. उलट फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आहे. असा संदेश पुढे ढकलण्याआधी पोराला एक फोन करा. भीती पसरवणं हे त्या पक्षाचंच काम आहे, ते आपण का करायचं?

तिकडे पोराला कोणी त्रास दिला तर?

लगेचच्या धोक्यात पोलिसांचा ११०, दवाखान्यासाठी ११२. नंतर लेखी तक्रार, तिचा नोंद क्रमांक, साक्षीदाराचं नाव, जखमेचे फोटो. घर किंवा नोकरी देताना भेदभाव झाला तर २००६चा समान वागणुकीचा कायदा आहे, पण भरपाईचा दावा लेखी मांडायला मुदत दोनच महिन्यांची. आपली पोरं "जाऊ द्या" म्हणत ती घालवतात. बर्लिनला आपली वकिलात आहे, म्युनिक, फ्रँकफर्ट, हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास. त्यांचे नंबर पोराच्या फोनमध्ये आहेत का, हे आजच विचारा. आणि पोर घरी सांगत नसेल तर रागावू नका. २०१८मधले ते तीन दिवस माझ्या मुलीने मला दोन वर्षांनी सविस्तर सांगितले.

बाई, खरं सांगा. तुम्हाला वाटत नाही का की तिने परत यावं?

वाटतं. भरीत केलं, कळण्याची भाकरी टाकली की दर वेळी वाटतं. निकालाच्या रात्री मोजणीहून घरी पोचल्यावर तिने फोन केला तेव्हा मी म्हणालेही, "ये माय निघून." ती म्हणाली, "आई, मोजून आलेय मी. शंभरातल्या त्रेसष्ट जणांनी त्यांना मत दिलेलं नाही. मी त्या त्रेसष्टांतली आहे, मी कशी निघू?"

२०२६च्या कामगार मंडळाच्या निवडणुकीसाठी तिने नाव दिलं. अर्जाला सह्या लागतात. पहिली त्या फिटरची आहे.